कपाचा कान

रविवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या घरात डॅड आणि मी टोस्ट-बीन्सच्या ताटल्या मांडीवर घेऊन टीव्ही बघत होतो. मालिकेतल्या म्हाताऱ्या पाद्र्याने कपाचा कान हळूच डावीकडे वळवला, चहाचा घोट घेतला आणि तो विषाने मेला. माझ्या शेजारी डॅडनी आपल्या कपाचा कान नकळत तसाच वळवला. ते डावखुरे होते. "ओळखलंस?" त्यांनी विचारलं. "कुणाला? पाद्र्याला? छे. कोण होता तो?" डॅड खुलले. जन्मभर त्यांनी टीव्हीवर हवालदार, न्यायाधीश, खुनी रंगवले होते, आणि पोटच्या पोरीलाही आपण सापडत नाही, यापलीकडे त्यांना बक्षीस नको होतं. "शेजारची विनी परवा मलाच म्हणाली, त्या दुसऱ्या मालिकेतला खाटीक काय नीच माणूस आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं, फासावरच चढवायला हवा त्याला." सोमवारी ते बसथांब्यावर कोसळले. खिशात पाकीट नव्हतं, आणि घराघरांत पाहिलेला तो चेहरा रांगेतल्या कुणालाच ओळखू आला नाही. ते परतले नाहीत म्हणून मी पोलिसांना फोन केला, तेव्हा मला शवागारात बोलावणं आलं. अधिकाऱ्याने चादर बाजूला केली. चेहऱ्यावर ना रंग होता, ना खोटी मिशी. "बाई, ओळखता का यांना?" त्याने हलकेच विचारलं. मी डॅडचा डावा हात हातात घेतला. "ओळखते," मी म्हणाले. मग त्यांच्याकडे वळून बोलले, "डॅड, मी तुम्हाला दर वेळी ओळखलं होतं."