वकील आणि मामंजी

बाहेरच्या दाराची कडी सरकली तेव्हा वहिनी पाठमोरी बसून भोपळा चिरत होती.

"भाऊजी, बूट बाहेर काढा. आत्ताच फरशी धुतलीय," ती न वळताच म्हणाली.

उत्तर आलं नाही. भाऊजी काही गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. तिने मान वळवली. दारात वकील उभा होता, दोन पायांवर. अंगावरचा केस न् केस उभा राहिल्यामुळे तो दुप्पट दिसत होता. आत आल्यावर त्याने मागे हात करून दार लोटून घेतलं.

वकील म्हणजे प्राणिसंग्रहालयातल्या शेजारच्या इमारतीतला चिंपांझी. त्याला भाऊजी, म्हणजे तिचा धाकटा दीर, सांभाळायचे आणि इथल्या गोरिलाला ती. गोरिलाचं मामंजी हे नाव तिचंच. घरातले मामंजी असेच, बोलायचे नाहीत, पण जागचे उठले की सगळं घर चिडीचूप. कुणाचं जनावर हुशार यावरून दीर-भावजयीत रोज जुंपायची. "तुमच्या मामंजींना गाजर दिलं की ते गाजर खातात, झालं," भाऊजी म्हणायचे. "आमचा वकील गाजर खाताखाता कडीकडे बघत असतो. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, वहिनी!" असं म्हणून टाळीसाठी जो हात पुढे करायचे, त्याला तीनच बोटं होती. बाकीची दोन वकिलाने नेली होती.

आज युक्तीने दोन कड्या उघडल्या होत्या आणि ती इथवर आली होती.

बाहेर जायचं दार वकिलाच्या मागे. वहिनीच्या मागे मामंजींच्या खोलीचं गजांचं दार. खोली रिकामी होती, मामंजी मागच्या आवारात उन्हाला बसले होते. पण आवार आणि खोली यांच्या मधली झडप अजून उघडीच होती. इकडे आड, तिकडे विहीर. वकील ओठ घट्ट मिटून जागच्या जागी डुलायला लागला. आता तो अंगावर येणार, हे तिला माहीत होतं. तिने विहीर पत्करली.

दार आतल्या बाजूला उघडणारं. आत शिरून तिने ते खांद्याने लोटलं, खिट्टी बसली. आतून कडी नव्हती. गोरिलाच्या खोलीला आतून कडी कोण कशाला लावेल? तिने कमरेचा वॉकीटॉकी चाचपडत चालू केला.

"भाऊजी, वकील माझ्याकडे आलाय. मी मामंजींच्या खोलीत आहे."

क्षणभर नुसती खरखर. मग भाऊजींचा आवाज, एकदम बारीक झालेला. "डॉक्टर बेशुद्ध करायची बंदूक घेऊन निघालेत. आम्ही पळतच येतोय. तुम्ही दार सोडू नका. काही झालं तरी सोडू नका."

वकिलाने आधी गज धरून गदागदा हलवले. मग थांबला. ते थांबणं तिला जास्त भयंकर वाटलं. तो वाकला आणि खिट्टीच्या मुठीकडे बघत राहिला. मूठ वर केली. काही झालं नाही. खाली केली. खट्.

दार चार बोटं उघडलं. ती सगळा जीव लावून रेटत होती, पण ओल्या फरशीवरून टाचा घसरत होत्या. फटीतून काळी, लांब बोटं आत आली आणि तिच्या बाहीची शिवण चाचपू लागली.

तेवढ्यात मागे झडप आदळली. मामंजी आत आले होते. त्यांनी छाती बडवली तो आवाज तिच्या पोटात घुमला.

गोरिला अंगावर आला की एकच करायचं: खाली बसायचं, मान खाली घालायची, हलायचं नाही. बहुतेक वेळा तो धाक दाखवतो आणि हातभर अंतरावर थांबतो. चिंपांझी थांबत नाही. एवढं शहाणपण यायला तिला अकरा वर्षं लागली होती. पण खाली बसायचं म्हणजे दार सोडायचं.

"सोडू नका, वहिनी!" कमरेवरून भाऊजी ओरडत होते.

तिने सोडलं. भिंतीशी बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. ऐन वेळी तिला एकाही देवाचं नाव आठवेना.

अंगाला घासून काहीतरी प्रचंड पुढे गेलं. खोली हादरली. दार धाडकन आदळलं, बाहेर वकील किंचाळला. मग सगळं शांत झालं. आणि पुन्हा आवाज आला. खट्. खट्. खट्.

तिने डोळे उघडले. मामंजी दाराला पाठ टेकून बसले होते. त्यांच्या खांद्यांमागे वकील मूठ खाली दाबत होता, सोडत होता, अगदी बरोबर. खिट्टी दर वेळी सुटत होती आणि दार तसूभरही हलत नव्हतं.

"वहिनी? अहो वहिनी! खिट्टी उघडली का त्याने?"

"उघडली."

"मग दार कोणी धरलंय?"

खोलीभर उग्र वास पसरला होता. भेदरलेल्या नराच्या काखेतून सुटतो, तो. मामंजी तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि लटलट कापत होते.

"मामंजींनी," ती कुजबुजली. "तेही घाबरलेत, भाऊजी. पण उठत नाहीयेत."