आईंच्या खोलीतली ओल

सासूबाईंना वृद्धांच्या संस्थेत सोडून तीन आठवडे झाले होते, आणि त्यांच्या खोलीतली जमीन अजून ओलीच होती.

सुनेने चप्पल काढून तळव्याने चाचपून पाहिलं. पलंगाच्या उशाकडच्या लाकडी पट्ट्या फुगून कडेला उचलल्या होत्या. पाय ठेवला की फटीतून पाणी वर येत होतं. पलंगावर गादी नव्हती, खोलीत माणूस नव्हतं. मग हे करतंय कोण? तिने नवऱ्याला न विचारताच नेहमीच्या प्लंबरला फोन लावला.

चार महिने या ओलीने घर नासवलं होतं. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी नाही गं केलं. कपडे कोरडे आहेत माझे, हात लावून बघ."

"मग काय, जमिनीला घाम फुटला?" सून फटकन बोलली होती.

जीभ तिची तिखट, हे तिलाही माहीत. सकाळी कामावर पळायची घाई, त्यात रोज गुडघ्यांवर बसून फिनेलने पुसायचं. चिडली की तोंडाला येईल ते बोलायची. "लहान पोरंसुद्धा शू आली की सांगतात हो, आई!" एकदा तर बादली त्यांच्या पायापाशी आदळली. सासूबाईंनी वाद घालणं सोडलं. पुढे पुढे त्यांनाच ते खरं वाटायला लागलं. सून आत आली की त्याच आधी म्हणायच्या, "आजही झालं वाटतं गं." दुपारी चारनंतर त्यांनी पाणी प्यायचंच बंद केलं. ओठ फुटले. एकदा चक्कर येऊन दारातच बसल्या. जमीन मात्र ओली ती ओलीच.

नवरा आईला एका शब्दाने बोलला नाही. "जाऊ दे गं, वय झालंय तिचं," एवढंच म्हणायचा. प्लंबरला दाखवूया का, असं तिने एकदा विचारलं होतं. तेव्हा म्हणाला, "मी पाहिलंय सगळं, पाइप ठणठणीत आहेत. बाहेरच्या माणसाला आणून आईची शोभा करायची आहे का?" तिला आपलीच लाज वाटली. आपण तोंडाळ, आपण परक्या घरच्या; पोटचा तो पोटचाच. शेवटी सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "मला कुठेतरी ठेवा रे. पोरीचे गुडघे गेले माझ्यापायी." संस्थेच्या फाटकात तो त्यांची पिशवी छातीशी धरून ढसाढसा रडला होता.

प्लंबर आला. घरातले सगळे नळ बंद करायला लावून त्याने पाण्याचा मीटर पाहिला. काटा फिरतच होता. मग कुठली खोली, काय, काही न विचारता तो सरळ सासूबाईंच्या खोलीत शिरला आणि उशाकडच्या तीन पट्ट्या उचकटल्या. खाली सगळं काळं पडलेलं. कुबट वासाचा भपकारा आला. हाच तो वास, ज्याच्यापायी तिने म्हाताऱ्या बाईला नाकाला पदर लावून दाखवला होता. त्याने छिन्नीने थोडं फोडलं.

"हा बघा ताई, बाथरूमकडे जाणारा पाइप. जोड सुटलाय. थेंब थेंब नाही, चांगली धार आहे. आणि हे काही काल-परवाचं नाही."

ती तिथेच ओल्यात मटकन बसली. नुसतं रडू नाही, स्वतःची किळस आली तिला. तशाच ओल्या हातांनी तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, आईंनी काही केलंच नव्हतं! पाइप होता, पाइप! मी रजा काढते, तुम्ही या निघून. आजच आणू त्यांना. मी पाय धरते त्यांचे."

तो म्हणाला, "मला न विचारता बोलावलंस त्याला?"

"मी सांगतेय काय, तुम्ही विचारताय काय!"

"घाई करू नकोस. रुळलीय ती तिथे. संध्याकाळी बोलू." फोन बंद झाला.

धक्का बसला असेल बिचाऱ्याला, तिला वाटलं. एवढा हळवा माणूस. ती उठली, डोळे पुसले, कपाटातून धुतलेली चादर काढली. जमीन वाळेपर्यंत सासूबाईंना आपल्या खोलीत झोपवायचं, आपण दोघं बाहेरच्या खोलीत झोपू. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी ठेवायचा, आणि त्यांनी तो रिकामा केल्याशिवाय हलायचं नाही. कितीतरी दिवसांनी तिच्या हातापायांत जोर आला.

"आजच्या आज होईल ना हो काम? आमच्या आई परत यायच्या आहेत."

"होईल की. तासाभराचं तर काम." प्लंबरने छिन्नी उचलली, परत खाली ठेवली. "पण ताई, साहेब हो म्हणालेत ना? नाही, मागच्या वेळी मी ओरडा खाल्लाय. तीन महिन्यांपूर्वी गिझर बसवायला आलो होतो, तुम्ही कामावर होता. तेव्हाच मी त्यांना ही जागा दाखवली, म्हटलं लगेच करून देतो. तर म्हणाले, आत्ता नको, आणि घरात कोणाजवळ बोलूही नकोस. आई एकदा इथून हलू दे, मग फोड."