फाट्याची पलीकडची बाजू

"फोटो इथंच काढा," असं म्हणून निंबानाना स्वतःच कमानीखाली ताठ उभे राहिले.

मृणालीने कॅमेरा खाली घेतला. "नाना, फोटोत माणूस नकोय. नुसती जागा हवी."

"माणूस नाही, तर लोकांनी बघायचं काय?" नाना बाजूला सरकले खरे, पण हिरमुसले.

जळगावच्या प्रदर्शनाचा विषय होता युद्ध. रणगाडे आणि तोफा बाकीचे आणणारच होते. मृणाली मात्र महिनाभर खानदेश पालथा घालत होती ती वेगळ्याच जागांसाठी. घरच्यांनी आपल्या माणसाला जिथं शेवटचं पाहिलं, त्या जागा. चोपड्याकडचा एक उंबरठा झाला होता, अमळनेर स्टेशनातला एक बाक झाला होता. तिची अट एकच होती. घरच्या माणसाने बोट दाखवून 'इथंच' म्हणायला हवं, नाहीतर ती बटण दाबत नसे. आता एक फोटो उरला होता आणि प्रदर्शन परवावर येऊन ठेपलं होतं.

उरलेला फोटो जीवनचा होता. गाव नरडाण्याच्या जवळचं, आणि हा हमरस्त्यावरचा त्याचा फाटा. कारगिलच्या लढाईच्या वेळी सुट्टी रद्द झाली, जीवन इथून धुळ्याच्या एसटीत बसला. त्यानंतर आली ती तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. त्याच्या नावाची कमान गावाने पुढे याच जागी उभी केली.

निंबानाना म्हणजे जीवनचे काका. ती सकाळ सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा.

"बठ्ठा गाव लोटला होता, ताई! पुढे डफ, मागे बाया. वहिनींनी लेकाला ओवाळलं, मी नारळ फोडला. आमच्या गावची रीतच आहे. ओवाळून धाडलेला माणूस काम फत्ते केल्याशिवाय वेशीत पाऊल ठेवत नाही. माघारी आला तर सात पिढ्यांच्या तोंडाला काळं. आमच्या जीवनने नाही ठेवलं पाऊल!"

वहिनी म्हणजे पार्वताबाई, जीवनची आई. सत्तरी उलटलेली ती बाई कमानीपासून चार हात लांब, तोंडाला पदर लावून उभी होती. जीवन गेला तेव्हापासून त्या फाट्यावर फिरकल्याच नव्हत्या. तालुक्याला जायचं झालं तरी वावरातल्या वाटेने लांबचा फेरा घालून जायच्या. "आईचं काळीज, दुसरं काय," नाना म्हणाले होते. ते ऐकून मृणालीने फोटोचा नाद सोडलाच होता. पण पार्वताबाई आपणहून उठल्या होत्या. "खोटी जागाना फोटो नको, माय. मीच दखाडस," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"अक्का, इथंच ना?" मृणालीने हळूच विचारलं.

पार्वताबाईंनी मान हलवली आणि रस्त्यापलीकडे हात केला. "तठे."

"काय हे वहिनी!" नाना उसळले. "धुळ्याला जाणाऱ्या गाड्या इथं थांबतात. तिकडे थांबतात त्या धुळ्याहून येणाऱ्या. वय झालं ताई, त्यांना आता डावं-उजवं कळत नाही."

"माले म्हाईत शे," पार्वताबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

चौपदरी रस्ता, त्यात ट्रकांची रांग. मृणालीने धावत जाऊन त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर पार्वताबाईंनीच तिचं मनगट गच्च पकडलं. दुभाजकापाशी थांबल्या तरी ती पकड सैल झाली नाही. गुडघ्यांची सबब सांगून नाना अलीकडेच राहिले.

पलीकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक बाभूळ, पंक्चरच्या दुकानाची पाटी, गुटख्याच्या पुड्या. हा फोटो कोण बघणार, असं मृणालीच्या मनात आलं. मग पार्वताबाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"तुम्ही इथं उभ्या होतात?"

"हाव. मी आठे. तो तठे, बाभूळखाले."

"आणि गाव?"

"कोनीच नही. मी एकलीच. वावरमा निंदाले जाई ऱ्हायंती."

गावभर डफ वाजत असताना निंदायला? मृणालीने ते मनावर घेतलं नाही. इतक्या वर्षांत आठवणींची सरमिसळ होतेच. एवढ्या गर्दीतही माय-लेकाला आपण दोघंच आहोत असं वाटलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"काही बोलला तो?"

"भूक लागनी म्हने. मन्ही भाकर दिधी तेले. बठ्ठी खाई गया."

मृणालीचाही धाकटा भाऊ सीमेवर होता, आणि त्याला निरोप देताना आईने डब्यात काय दिलं होतं ते तिला आठवेना. तिने डोळे पुसले आणि बाभळीखालच्या रिकाम्या सावलीचे फोटो काढले. एकापाठोपाठ एक, मन भरेपर्यंत.

"अहो, उन्हात किती वेळ?" पलीकडून नाना ओरडले.

कॅमेरा पिशवीत ठेवता ठेवता तिला राहवलं नाही. प्रदर्शनात लोक विचारतीलच, तेव्हा आपल्याला तरी ठाऊक असावं.

"अक्का, राग मानू नका. पण धुळ्याची गाडी तिकडून सुटते, आणि तुम्ही या बाजूला कशा?"

पार्वताबाई कमानीकडे बघत राहिल्या. नानांपर्यंत आवाज पोचणार नाही याची त्यांनी खात्री करून घेतली.

"ओवाळं तेना दुसरे दिन तो पळीसन परत उना व्हता, माय," त्या म्हणाल्या. "आठे उतरना. तेनं तोंड शेवटलं दखं ते आठेच, मंग तेनी मान वर करी नही. मीच तेना हात धरा, रस्ता पार करा, नि तेले धुळानी गाडीमा परत बठाडं."