संगप्पाची नवी गाडी

“डाव्या अंगानं घे. आता सरळ. पुढं गतिरोधक हाय, सावकाश.”

असे हुकूम सुटत असतानाच चाकांची खुर्ची म्युझियमच्या फाटकातून आत शिरली. खुर्चीत संगप्पा, मांडीवर चादर, आणि मागून ढकलणारी त्याची बायको चंद्रव्वा. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस तो. चाक दुसऱ्याच्या हाती गेलं म्हणून तोंड थोडंच थांबणार?

जुन्या गिरणीच्या इमारतीत हे डिझाइनचं म्युझियम नुकतंच उघडलं होतं. चंद्रव्वानं हयातभर शाळेत चित्रकला शिकवलेली. बातमी ऐकून तिचा चेहरा खुलला आणि लगेच पडलाही. वर्षभरापूर्वी घरात जे झालं ते झालं. त्यानंतर शुक्रवार पेठेतल्या शेजारणी येऊन “बिचारी, काय वाट्याला आलं” म्हणत पदरानं डोळे पुसून गेल्या. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. खुर्चीलाही ती तयार नव्हती. ती संगप्पानंच हट्टानं आणली. शेवटी तिनं अट घातली.

“एकानं जरी माझी कीव केली, तर परत बाहेर चल म्हणायचं न्हाय. कधीच.”

“मंजूर,” संगप्पा म्हणाला होता. हरलो तर हिचं उरलेलं आयुष्य चार भिंतींत जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चंद्रव्वा एकदा बोलली की बोलली.

दारात पायऱ्या होत्या. पहारेकरी धावत आला. “अरेरे, आजोबा! उताराची वाट मागून आहे. कॅन्टीनच्या पलीकडून.”

ते ‘अरेरे’ आपल्या नावचं आहे म्हणून संगप्पानं सोडून दिलं. “मी डायवर हाय. मागच्या दारानं कधी चढलो न्हाय. फळ्या टाका की हितं.”

त्या आवाजातला रुबाब असा की फळ्या आल्या. पहारेकऱ्यानं खुर्चीच्या मुठींना हात घातला. “आजी, तुम्ही सरका. मी ढकलतो.”

“हात काढ!” संगप्पा गरजला. पहारेकरी दचकून मागं सरला, तसा हाच हसायला लागला. “माजी गाडी मी दुसऱ्याच्या हातात देत न्हाय. चल बाई, फळी रुंद हाय. बरोबर मधनं. लाव जोर.”

चंद्रव्वानं जोर लावला आणि स्वारी वर चढली.

तिकिटाला आरजू नावाची मुलगी होती. म्युझियम दाखवायचं कामही तिचंच. “अपंगांना मोफत आहे, सोबतच्याचं तिकीट पडेल.”

“मग एकच फाडा,” संगप्पा म्हणाला.

आरजूनं माहितीपत्रक चंद्रव्वापुढं धरलं. संगप्पानं ते मधल्यामधे हिसकावलं. “आदी मालकाला!”

“यांना खुर्चीतून सगळं नीट दिसेल ना?” आरजूनं चंद्रव्वालाच विचारलं. बसलेल्या माणसाला तोंड नसतं, असा आपल्याकडं समजच आहे.

“त्यांनाच विचारा,” चंद्रव्वा म्हणाली. “गप्प बसणाऱ्यांतले नाहीत ते.”

“कपाटं लई उंच केल्यात की वो. खालचं आमाला, वरचं देवाला.”

आरजू ओशाळली. खुर्चीतून बघणाऱ्याचा विचारच कुणी केला नव्हता, हे तिनं सरळ कबूल केलं आणि वरचे माहितीचे दोन फलक स्वतः काढून त्याच्या हातात दिले. संगप्पा ते मोठमोठ्यानं वाचू लागला. गाडी फलाटाला लागल्याची वर्दी द्यावी, तसा.

“‘रेल्वेचा कंदील.’ बाई, एक काच लाल, एक हिरवी, एक साधी. आन् वर कडी हाय, चांगली पंजा मावंल एवढी.”

दालनातली माणसं वळून बघत होती. बघू देत, संगप्पाला तेच हवं होतं.

पुढच्या खोलीत वस्तू हाताळायची परवानगी होती. आरजूनं एक पितळी तांब्या संगप्पाच्या मांडीवर ठेवला, त्यानं तो मागं बायकोच्या हातात दिला. चंद्रव्वाची बोटं तांब्याच्या पोटावरून फिरली, मानेपाशी थांबली.

“पोट केवढं फुगवलंय आणि मान कशी आवळलीय! भरला तरी हातातून सुटायचा नाही.” आणि ती चक्क हसली. शाळेत हसायची तसं, मोकळं.

वर्षभरात हे हसू घरात ऐकू आलं नव्हतं. संगप्पाला फार म्हणजे फार बरं वाटलं.

तेवढ्यात एक बाई चंद्रव्वापुढं येऊन उभी राहिली. “मघापासून बघतेय मी तुम्हाला. या वयात तुमच्यावर ही वेळ...”

संगप्पा मुद्दाम खोकला. बाई थांबेना.

“...यांचं सगळं तुम्हालाच करावं लागत असेल. किती हो...”

“मी कुठं काय करते?” चंद्रव्वा म्हणाली. “गाडी तेच चालवतात. मी नुसतं इंजिन.”

बाई खळखळून हसली. “हेवा वाटतो बघा तुमचा! आमचे हे साधं मंडईपर्यंत सोबत येत नाहीत.”

संगप्पाचा जीव भांड्यात पडला. निघताना त्यानं आरजूला कायमचा उतार पुढच्या दारालाच बांधा म्हणून बजावलं. तिनंही साहेबांच्या मागं लागून करून घेते, असा शब्द दिला.

फाटकाबाहेर पडून खुर्ची गिरणीमागच्या बोळात वळली.

“कोण हाय का हितं?” चंद्रव्वानं विचारलं.

“चिटपाखरू न्हाय.”

संगप्पानं चादर बाजूला केली, ताडकन उठून उभा राहिला आणि दोन्ही पाय झाडले. खुर्ची मिटून एका हातात घेतली. मग चंद्रव्वाचा हात आपल्या दंडावर ठेवला.

“खरं सांगा,” ती म्हणाली, “कुणाला कळलं?”

“अगं, सगळी माज्या पायांकडं बघत हुती. तुज्या डोळ्यांकडं कुणाचं ध्यानच गेलं न्हाय.”