ठरलेली हाक

“आई गं!”

लोळ्या पडला आणि काकांनी आधी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं उरली होती. एका गोलची आघाडी होती, पण पोरांच्या पायांत त्राण नव्हतं. आज हरलो तर टीम खालच्या लीगमध्ये, आणि खालच्या लीगमध्ये गेलो की क्लबला कुलूप, हे अध्यक्षांनी सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच सांगून टाकलं होतं. ही सात मिनिटं कशीही करून खायची होती.

म्हणून काका धावले नाहीत. त्यांनी पेटी उघडली. थंड फवारा आहे का बघितलं, तो होताच. पेटी बंद केली. मग बुटाची नाडी बांधायला वाकले. ती सुटली नव्हतीच, ती सोडून पुन्हा बांधली. वीस वर्षं टीमची मालिश करणारा माणूस. नाडी बांधायला एक मिनिट कसं लावायचं, ते त्यांच्याकडून शिकावं.

“आई गं!”

हा त्या दोघांचा ठरलेला शब्द. लोळ्या काकांचा सख्खा पुतण्या. बारा दिवसांचा होता तेव्हा त्याची आई गेली, बाप दुसरा संसार मांडून मोकळा झाला, आणि या बिनलग्नाच्या माणसानं बाटलीनं दूध पाजून पोर वाढवलं. पोरगं पडो, खरचटो, तापानं फणफणो, हाक एकच: काका! आई हा शब्द त्यानं जन्मात कुणाला लावला नव्हता. तेव्हा मैदानावर खोटं पडायचा उद्योग सुरू झाला, तसं काकांनीच डोकं चालवलं. “खोटं असेल तर ‘आई गं’ ओरड, मी रमतगमत येतो. खरं लागलं तर तू ‘काका’ म्हणशीलच. ते काय शिकवायला हवंय?” युक्ती बिनतोड होती. चार हंगाम एकदाही चुकली नव्हती.

त्या चार हंगामांत लोळ्यानं नुसतं पडून अकरा पेनल्ट्या मिळवल्या, तिघांना लाल कार्ड दाखवायला लावून घरी पाठवलं. वारा लागला तरी पडायचा पठ्ठ्या. समोरच्या टीमची पोरं त्याच्या नावानं बोटं मोडायची. त्याचे गुडघे चोळताना काका म्हणायचे, “लाज वाटते रे कधीकधी.” तो म्हणायचा, “एकतिसाव्या वर्षी पळता येत नाही, काका. पडता तेवढं येतं.”

काका चालत चालत मैदानात शिरले. प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. रेफरी लांब उभा होता, हात खिशातल्या पिवळ्या कार्डावर. ज्याच्याशी टक्कर झाली तो बचावपटू गवतावर डोकं धरून बसला होता. घ्या, हल्ली सगळेच नाटकं शिकलेत, काका मनात म्हणाले.

तेवढ्यात समोरचा गोलकीपर धावत आला. हरणाऱ्या टीमचा माणूस, त्याला तर घाई हवी. असे लोक नेहमी ओरडतात, ‘उचला त्याला, लवकर!’ हा मात्र ओरडत होता, “काका, हळू! हळू हो!” चेंडूही त्यानंच मैदानाबाहेर मारला होता. टोमणा मारतोय लेकाचा! काकांनी त्याला डोळा मारला आणि चाल आणखी मंद केली.

लोळ्या पाठीवर पडला होता. आज लोळत नव्हता.

“आई गं,” तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

काका त्याच्या कानाशी वाकले. “जरा मोठ्यानं. रेफरीला ऐकू जात नाहीये.”

मग नेहमीचा कार्यक्रम. पायात गोळा आलाय असं दाखवायचं, टाच धरायची, पाय वर उचलायचा, चवडा दाबायचा. हमखास एक मिनिट जातं. काकांनी टाच धरली आणि उचलली.

टाच वर आली. गुडघा जागचा हलला नाही. मधली नडगी नको तिथं वाकली आणि मोजा लाल होत गेला. लोळ्याच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

“स्ट्रेचर! अरे, स्ट्रेचर आणा कुणीतरी!” गोलकीपरच ओरडत होता. रेफरी धावला. कालपर्यंत लोळ्याला शिव्या घालणारी ती पोरं त्याच्यावर ऊन येऊ नये म्हणून कडं करून उभी राहिली. बचावपटू रडत होता, “मुद्दाम नाही हो मारलं मी.” तिकडे रेषेपलीकडून आपल्या कोचनं काकांना अंगठा दाखवला. झकास, चालू द्या.

काकांनी तो पाय दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला. खाली ठेवायची हिंमत होईना. आपल्याच हातांनी आपण पोराचं वाटोळं केलं, हे त्यांना कळत होतं आणि सोसवत नव्हतं.

“गाढवा, ‘काका’ का नाही म्हणालास?” ते अक्षरशः गयावया करत होते. “ठरलं होतं ना रे आपलं? एकदा, एकदा तरी म्हणायचंस!”

लोळ्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं काकांची बाही मुठीत घट्ट धरली. ते काय विचारताहेत तेच त्याला कळेना.

“तुलाच तर हाक मारत होतो,” तो म्हणाला.