भटकता डाग

कॅमेऱ्याच्या पडद्यावर डाग पुन्हा उमटला, तशी तिने दार आतून लावून घेतलं.

खाली आवारात ट्रक येऊन थांबला होता. संध्याकाळच्या आत कॅमेरा पेटीत भरून डोंगरावरच्या दुर्बिणीकडे रवाना करायचा होता. त्या कॅमेऱ्याचं काळीज म्हणजे तिने घडवलेली, उजेड टिपणारी चिप. हवेमुळे तारा थरथरतो आणि चित्र धूसर येतं. ही चिप ताऱ्याच्या थरथरीबरोबर आतलं चित्रही सरकवायची. आभाळाचा भलामोठा तुकडा एका दमात टिपायचा, आणि तोही लख्ख! तारुण्य घातलं होतं तिने यात.

आणि ऐन वेळी हा राखाडी डाग. बरं, मेला एका जागी तरी बसावा! कधी डावीकडे, कधी पार वर. म्हणजे चित्र सरकवण्यातच खोट.

तिने काच पुसली. वायर बदलली. शेवटी चिपच उलटी फिरवून बसवली. डाग हटायचं नाव घेईना.

दारावर थाप पडली.

"अगं, पेटी भरायची ना?" विभागप्रमुखांचा आवाज. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"आलेच. एक चाचणी राहिलीय."

"सकाळपासून तेच ऐकतोय. उघड बघू."

तिने कडी काढली आणि तिचा बांध फुटला. "मास्तर, चिप बिघडलीय. माझी छी-थू झाली तरी चालेल, पण ही वर पाठवू नका."

मास्तर आत आले. चष्मा पुसून पडद्यासमोर बसले. चाचणीसाठी सोडलेला एकसारखा उजेड पडद्यावर पसरला होता. ते बराच वेळ पाहत राहिले. तिचा जीव टांगणीला लागला.

"कुठंय डाग?"

"असं काय करता? हा काय, ढळढळीत!" तिने बोट ठेवलं.

"इथं? काही नाही गं. धुतल्यासारखं स्वच्छ आहे."

माझी समजूत काढताहेत, तिला वाटलं. तिने रागाने बटण दाबलं. कॅमेरा बंद झाला, पडदा काळा पडला.

"माझी शपथ आहे, खरं सांगा," म्हणत ती त्यांच्याकडे वळली.

मास्तरांच्या चेहऱ्यावर नाकडोळ्यांच्या जागी तो राखाडी डाग होता; तिने नजर भिंतीकडे वळवली, तर तिथेही तोच.