माणसाचा रकाना

काशी पिल्लू सोडायला तयार नव्हती. बुधवारी मेलं होतं ते. आज शनिवार. एका हातानं त्याला छातीशी धरायचं, दुसऱ्या हातानं गज पकडून वर चढायचं, असं तिचं चाललं होतं. पिल्लाचं डोकं लोंबकळत होतं. वास पिंजऱ्याबाहेर येत होता.

"उद्या रविवार. लोक पोरंबाळं घेऊन येतील," साहेब सकाळीच ठणकावून गेले होते. "दुपारच्या आत ते काढ, मंगळू. मला कारणं सांगू नकोस."

मंगळूनं केळी आणली होती. आकडीची लांब काठीही आणली होती. दहा वर्षं तो नाशिकच्या या प्राणीबागेतल्या माकडांचं बघत होता. केळं दाखवून पिल्लू कसं ओढून घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण आज त्याचा हात धजेना.

पिंजऱ्यासमोर स्टुलावर निलोफर बसली होती. एम.एस्सी.ची मुलगी, दोन वर्षं सिन्नरहून पहिल्या एस.टी.नं येत होती. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि माकड काय करतंय ते वहीत उतरवायचं, हे तिचं काम. वहीत दोन रकाने होते, माकड आणि माणूस. अंगठा किती लांब, तळव्यावर रेषा कशा, नखं चपटी की वाकडी, सगळं शेजारी शेजारी. आज तिनं एक नवी ओळ घातली होती. ‘मेलेलं पिल्लू जवळ बाळगतात का?’ माकड: हो, चौथा दिवस. माणूस: नाही.

"मामा, ती मूठ बघा," ती म्हणाली. "जन्मल्या जन्मल्या तळव्यात बोट घातलं की गच्च धरतात. आपली बाळंसुद्धा. सोडवता सोडवत नाही."

"ठाऊक हाय," मंगळू म्हणाला.

निलोफरनं वर पाहिलं. मंगळूला मूलबाळ नव्हतं, हे माळ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मग याला कसं ठाऊक? पण असलं काही विचारायचं कसं?

तेवढ्यात मंगळूची बायको भागुबाई डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी कट्ट्यावर टेकली. बाई कामाला वाघ, पण मधेच थांबायची. कान द्यायची. "पोर रडतंय," म्हणायची. मग टोपली उलटी कर, गोधडी झटक, मोरीत डोकाव. अकरा वर्षं हेच! पेठकडच्या त्यांच्या पाड्यावर ती सातव्याच महिन्यात बाळंत झाली होती. शुद्धीवर आली तेव्हा सासूनं सांगितलं, मेलेलंच निपजलं. "मी रडणं ऐकलं," ती म्हणाली. मेलेलं लेकरू कधी रडतं का? सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. भगतानं दंडाला काळा दोरा बांधला. गाव सुटलं म्हणजे आवाजही सुटेल, म्हणून मंगळू तिला घेऊन नाशिकला आला. कसला सुटतोय! आवाज त्यांच्याबरोबरच जीपमध्ये बसून आला.

मंगळू काठी हातात धरून तसाच उभा होता.

"ताई, मागल्या साली काशीचं पिल्लू गेलं, तवा काय लिवलं व्हतं?"

निलोफरनं पानं मागं उलटली. "पिल्लू पहिल्याच दिवशी काढलं. त्यानंतर एकोणीस दिवस काशी हाका मारत होती. पाण्याचं घमेलं उलटं करून बघायची, कोपरे धुंडाळायची." ती थांबली. "आणि आता चार दिवसांत एकदाही हाक मारली नाही तिनं."

"आसं का?"

"तेव्हा तिला ते मेलेलं नीट बघूच दिलं नाही ना, मामा. तिच्या लेखी ते कुठंतरी रडतंय अजून."

मंगळूनं काठी भिंतीला टेकवली. पिंजऱ्याचं कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. साहेबांचं मागून बघू. तो बायकोजवळ जाऊन बसला.

"भागू, तू ऐकलं ते खरं व्हतं. पोरगी रडली व्हती."

भागुबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"दाई म्हनली, जगायची नाय. आईला दाखवू नका, जीव गुंतंल. माझ्या आयनं ती माझ्याकडं दिली आन् दार लावून घेतलं. उन्हं अंगणात येईस्तवर जिती व्हती. मंग मीच पुरली. आन् तुला येडी म्हनू दिलं, समद्यांना म्हनू दिलं. भ्यालो मी, भागू. अकरा वर्सं भ्यालो."

निलोफरला वाटलं, ही आता किंकाळी फोडेल, नाहीतर डबा त्याच्या अंगावर फेकेल. फेकला असता तरी कोण काय म्हणणार होतं? पण तिनं फक्त दंडाचा काळा दोरा ओढून तोडला.

"तुम्हाला धरलं व्हतं का तिनं?"

मंगळूनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं. "ह्ये. मलाच सोडवावं लागलं."

भागुबाईनं ते बोट मुठीत घेतलं आणि ती मोठ्यानं रडू लागली. मंगळूही रडला. पिंजऱ्यातून काशी त्यांच्याकडे बघत होती.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. निलोफरनं वही पुढं ओढली. माणसाच्या रकान्यातलं ‘नाही’ तिनं खोडलं आणि तिथं लिहिलं: अकरा वर्षं.